पोलिसाचा दिवस आणि पंचवीस दिवसांची मुदत

'सेक्रेड गेम्स' या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेचा दुसरा सीझन १५ ऑगस्ट २०१९ला आला आणि त्यानंतर कितीतरी दिवस जिकडेतिकडे एकच वाद चालू होता. मुंबईतला अणुबॉम्ब फुटला की निकामी झाला? पोलीस निरीक्षक सरताज सिंगने बॉम्ब थांबवायचा शेवटचा पॅटर्न बरोबर काढला की चुकवला? तिसरा सीझन काही आला नाही, त्यामुळे वाद तसाच लोंबकळत राहिला. मग लोक मूळ कादंबरी वाचलेल्यांना गाठून विचारू लागले, 'पुस्तकात काय होतं?' पुस्तकात बॉम्ब सापडतो. मुंबई वाचते. आणि आपण वाचलो, याचा मुंबईला पत्ताही लागत नाही.

हे उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. एवढीच गोष्ट होती तर नऊशे पानं कशाला लिहिली, असंही काही जण विचारतात. मला वाटतं, या प्रश्नातच दोन्ही कलाकृतींमधला खरा फरक दडलेला आहे. विक्रम चंद्रा यांच्या २००६ सालच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण म्हणजे पोलिसाचा एक दिवस, त्याला नावही तेच दिलंय. शेवटच्या ओळीत सरताज मिशीवरून बोट फिरवतो आणि आणखी एक दिवस सुरू करायला आत जातो. मालिका सुरू होते ती गुंड गणेश गायतोंडेच्या फोनने: पंचवीस दिवस आहेत, वाचवून घे आपलं शहर. कादंबरीत अशी मुदत नाही. अणुबॉम्बचा धोका आहे, पण तो हळूहळू, उशिरा, अर्धवट पुराव्यांतून उघड होत जातो, आणि तोवर सरताजला रोजची कामं करावी लागतात.

फरक वरवर तंत्राचा वाटतो. मालिका म्हटली की उत्कंठा हवी, उत्कंठा म्हटली की घड्याळ हवं. पण घड्याळ बदललं की गुन्ह्याची कल्पनाच बदलते, आणि माझी तक्रार तिथे आहे. पंचवीस दिवसांच्या गोष्टीत गुन्हा शहरावर बाहेरून चालून येतो. कुणीतरी एकाने तो अडवायचा असतो. पोलिसाच्या दिवसात गुन्हा हा शहराचं पोट कसं भरतं याचाच एक भाग असतो, आणि नायक त्या व्यवहारातला एक कारकून असतो. आपल्यापैकी बहुतेकांचा पोलिसांशी संबंध पासपोर्टच्या चौकशीपुरता किंवा नाकाबंदीपुरता. बाकी सगळं आपण पडद्यावरून शिकतो. म्हणून पडदा आपल्याला यातलं काय शिकवतो हा केवळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही.

दोन्हीकडे सुरुवातीला एक पांढरं पॉमेरेनियन कुत्रं उंच इमारतीच्या खिडकीतून खाली पडतं. मालिकेत हे दृश्य अंगावर काटा आणतं. कुत्रं कोसळतं, शाळकरी मुली किंचाळतात, गायतोंडेचा आवाज देवाबद्दल बोलू लागतो. पाहता पाहता कुत्र्याचं प्रतीक होतं आणि ते आपल्यापुरतं संपतं. कादंबरीत मात्र सरताज त्या घरात जातो. नवराबायकोचं भांडण, त्यातून हा प्रकार. पुढे त्याच घरातली बाई, कमला पांडे, ही हवाई सुंदरी, पुन्हा त्याच्यासमोर येते. तिचं एका वैमानिकाशी प्रकरण होतं आणि कुणीतरी त्यावरून तिला धमकावून पैसे उकळतंय. रीतसर तक्रार तिला करता येत नाही. सरताज हा तपास हाती घेतो. कादंबरीत हा ब्लॅकमेलचा तपास अणुबॉम्बच्या तपासाला समांतर चालतो, आणि चंद्रा त्याला दुय्यम मानत नाहीत. शहर नष्ट होण्याची शक्यता असताना एक पोलीस निरीक्षक एका बाईच्या लफड्याचे फोन कुठून येतात ते शोधतोय. कारण पोलिसाचं काम असंच असतं, एका वेळी एक गोष्ट त्याच्या वाट्याला येत नाही.

मालिकेने कमला पांडेला पूर्ण वगळलं. मुदतीच्या गोष्टीत तिला जागा असूच शकत नव्हती. पंचवीसातले पाच दिवस तिच्यावर घालवणारा नायक प्रेक्षकाला बेजबाबदार वाटला असता. घड्याळ लावलं की असं होतं. ते लावणाऱ्यालाही मग त्याच्याच हुकमात चालावं लागतं.

खरा मोठा बदल मात्र पैशात आहे.

मालिकेतला सरताज प्रामाणिक आहे. सैफ अली खानने तो थकलेला, झोपेच्या गोळ्यांवर जगणारा, ठाण्यात एकटा पडलेला असा उभा केला आहे, आणि कामाबद्दल वाद नाही. एका चकमकीबद्दल खोटी साक्ष द्यायची की नाही यावरून त्याचं मन त्याला खातं. भ्रष्टाचार त्याच्या सभोवती आहे, वरिष्ठांत आहे, मंत्र्यात आहे. त्याच्या खिशात नाही. कादंबरीतल्या सरताजच्या खिशात तो आहे. चंद्रा एका बारीकशा निरीक्षणातून हे सांगतात: सरताजला पूर्वी आपल्या सचोटीचा अभिमान होता, पण लग्न मोडल्यावर त्याच्या लक्षात येतं की ती सचोटी श्रीमंत घरातून आलेल्या बायकोच्या पैशावर उभी होती. मेघा गेली, आणि पगारात भागेना. त्यानंतर तो घेऊ लागतो. फार नाही, इतरांइतकंही नाही. पण घेतो.

सुरुवातीच्या भागातच डान्स बारवरची धाड आहे. शंभू शेट्टीचा डिलाइट बार. सरताज आणि शंभू यांची चांगली ओळख आहे, महिन्याचा हिशेब ठरलेला आहे, आणि आता वरून दबाव आल्यामुळे धाड टाकल्याचं दाखवावं लागणार आहे. तेव्हा दोघं बसून ते ठरवतात, कधी यायचं, किती मुलींना ताब्यात घ्यायचं. आवाज चढत नाही, धमकी नाही. भाडेकरू आणि घरमालक दुरुस्तीचा खर्च वाटून घेतात तसा तो संवाद चालतो. मी मराठी, हिंदी, इंग्रजीत पोलिसांच्या भ्रष्टाचाराबद्दल बरंच वाचलं आहे, पण हप्ता ही गोष्ट इतकी रोजची, इतकी सौम्य आणि म्हणून इतकी भयंकर मला फार थोड्या ठिकाणी भेटली. कादंबरी येण्याच्या आदल्याच वर्षी, २००५मध्ये, महाराष्ट्र सरकारने डान्स बारवर बंदी घातली होती. नैतिकतेवर रकाने भरभरून लिहिलं जात होतं. त्या बारमधला पैसा किती ठाण्यांची स्टेशनरी, गाड्यांचं पेट्रोल आणि खबऱ्यांचे हात भरत होता, हे चंद्रांनी त्याच सुमारास कादंबरीत मांडून ठेवलं.

पुढे जाऊन सरताज डीसीपी परुळकरांचा पैसाही सुटकेसमधून पोहोचवतो. परुळकर त्याला बापाच्या जागी. आणि अखेर बॉम्बपर्यंत पोहोचण्यासाठी हवी असलेली माहिती मिळवायची तर त्याला याच परुळकरांना त्यांच्या शत्रूच्या हवाली करावं लागतं. परुळकर स्वतःला संपवतात. मालिकेतही परुळकरचा शेवट आत्महत्येनेच होतो, नीरज कबीने तो फार संयमाने साकारला आहे, पण तिथे आपण एका भ्रष्ट अधिकाऱ्याला त्याच्या कर्माची फळं मिळताना पाहतो. कादंबरीत शहर वाचवण्याची किंमत सरताजने विश्वासघाताने मोजलेली असते, आणि ज्या माणसाचा घात केला त्याच्याच पैशाच्या बॅगा त्याने वाहिलेल्या असतात. म्हणूनच बॉम्ब सापडल्यावर त्याला विजय वाटत नाही. वाचकालाही वाटत नाही.

कुणी म्हणेल, मालिकेने व्यवस्थेवर टीका केलीच की. केली, आणि धीटपणे केली. पण एकटा स्वच्छ नायक आणि भोवती बरबटलेली व्यवस्था हे चित्र प्रेक्षकाला फार सोयीचं आहे. आपण आपोआप त्या एकट्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. सिग्नल तोडल्यावर पावती नको म्हणून नोट सरकवणारे आपण, बांधकामाची परवानगी लवकर मिळावी म्हणून मध्यस्थ शोधणारे आपण, त्या चित्रात कुठेच नसतो. कादंबरीतला सरताज ही सोय काढून घेतो. तो चांगला माणूस आहे, कनवाळू आहे, आणि घेतो. त्याच्यावर प्रेम करायचं तर हे सगळं पोटात घालून करावं लागतं.

सरताजचा साथीदार हवालदार काटेकर याच्याबद्दल बोलल्याशिवाय मराठी वाचकाला पुढे जाता येणार नाही, आणि मालिकेचं मोठं श्रेयही इथेच आहे. कादंबरी इंग्रजीत आहे. चंद्रांनी त्या इंग्रजीत बंबैया हिंदी, मराठी, पंजाबी मुबलक मिसळली, तरी काटेकर आणि त्याची बायको शालिनी यांचं घरातलं बोलणं वाचताना त्याची मराठी आपल्याला मनातल्या मनात लावावी लागते. मालिकेत जितेंद्र जोशी आणि नेहा शितोळे यांनी ती मराठी ऐकवली. ती प्रमाणभाषेतली, हिंदी सिनेमात 'मराठी पात्र' म्हणून शिंपडतात तसली नाही. छोट्या खोलीत, दिवसभराच्या ड्युटीनंतर, आवाज दाबून बोललेली आहे. हिंदी पडद्यावर मराठी हवालदार वर्षानुवर्षं सलाम ठोकण्यापुरता किंवा हसण्यापुरता असायचा. त्याला स्वतःचे पूर्वग्रह, स्वतःची शरम आणि स्वतःचं घर मिळालं. हरवलेल्या मुलासाठी ठाण्यात खेटे घालणाऱ्या मुसलमान बाईला तो ज्या तुटकपणे वागवतो ते पाहताना त्याच्यावरचं आपलं प्रेम अडखळतं, आणि हे मालिकेने मुद्दाम केलं आहे.

पण त्याचं मरण पाहा. मालिकेत काटेकर मुख्य कटातल्या मारेकऱ्याच्या हातून मरतो. म्हणजे त्याचं मरण मोठ्या गोष्टीच्या कामी येतं, सरताजला पेटवतं, कथा पुढे ढकलतं. कादंबरीत तो एका वस्तीतल्या लहानशा खुनाच्या तपासात मरतो. गायतोंडेशी, त्याच्या आध्यात्मिक गुरूशी म्हणजे गुरुजींशी, बॉम्बशी त्या खुनाचा काही संबंध नाही. ज्याच्या हत्याराने तो मरतो त्या माणसाचीही गोष्ट चंद्रा नंतर एका स्वतंत्र प्रकरणात सांगतात: बिहारमधल्या गावात शिकायला धडपडणारा मुलगा, जमिनीच्या भांडणात नाडलेला, नक्षलवाद्यांत गेलेला, तिथून पळून मुंबईत आलेला. वाचताना आपल्याला कळून चुकतं की हा तोच, आणि आता त्याचा राग करायचा तर कसा करायचा हे कळेनासं होतं. मालिकेतल्या मारेकऱ्याला असा भूतकाळ नाही. तो सैतानासारखा येतो आणि काम करून जातो.

शिवाय कादंबरी काटेकरला मारून थांबत नाही. शालिनीला घर चालवायचं असतं, ती बायकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेत जाऊ लागते. रोहित आणि मोहित ही दोन मुलं. त्यातला मोहित आत कुठेतरी करपत जातो, भांडणं करू लागतो, सरताजकडे रागाने बघतो. सरताज पैसे देतो, भेटायला जातो, आणि त्याला दिसत असतं की हा मुलगा आपल्या हातून निसटतोय. कधीकाळी गायतोंडेही असाच कुणाच्या तरी हातून निसटलेला मुलगा होता, हे न बोलता वाचकापर्यंत पोहोचतं. मला या कादंबरीतली सगळ्यात मोठी भीती अणुबॉम्बची वाटली नाही, मोहितची वाटली.

हे सगळं केवळ साहित्यिक बारकावे म्हणून सोडून देता येत नाही. कादंबरी आली त्याच वर्षी, २००६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. बदल्या, नेमणुका, राजकीय हस्तक्षेप, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, असं बरंच त्यात होतं, आणि राज्याराज्यांत त्याची अंमलबजावणी आजवर रखडतच आली. कॉन्स्टेबलच्या बारा-बारा तासांच्या ड्युटीचा प्रश्न तर इतका साधा, तरी मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात सुरू व्हायला २०१६ उजाडलं. या प्रश्नांवर लोक रस्त्यावर का उतरत नाहीत याचं एक कारण मला आपल्या करमणुकीत दिसतं. पडद्यावरच्या पोलिसाला आपण शहर वाचवताना पाहतो. त्याची पाळी किती तासांची होती, गाडीत पेट्रोल कुणाच्या पैशाचं होतं, हे त्या गोष्टीत विचारायची सोयच नसते. जो शहर वाचवतो त्याला नियम कशाला लावायचे, इथपर्यंत आपण फार लवकर येतो. चकमकींचं कौतुक तिथूनच सुरू होतं.

मालिकेच्या बाजूनेही मला बोललं पाहिजे, कारण ती मला मनापासून आवडते. अनुराग कश्यप आणि विक्रमादित्य मोटवाने यांनी पहिल्या सीझनमध्ये गायतोंडेच्या आयुष्याला देशाच्या राजकारणाशी ज्या तऱ्हेने जोडलं, तसं कादंबरीतही इतकं ठळक नाही. आणीबाणी, शाहबानो, टीव्हीवरचं रामायण, रथयात्रा, बाबरी, आणि या सगळ्यावर एका गुंडाचा आवाज. नवाजुद्दीन सिद्दीकीने त्या आवाजात बढाई आणि पोरकेपण एकत्र आणलं. वरुण ग्रोव्हर, स्मिता सिंग आणि वसंत नाथ यांच्या लेखनात एक निर्भयपणा होता. कादंबरीतला मेंदूच्या आजाराने खंगणारा गुप्तहेर के. डी. यादव दुसऱ्या सीझनमध्ये कुसुमदेवी यादव झाला आणि अमृता सुभाषने ती भूमिका अशी पेलली की मूळ पात्र आठवावं लागलं. असे बदल करण्याचा मालिकेला पूर्ण अधिकार आहे. 'पुस्तकात असं नव्हतं' एवढीच तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. आणि कादंबरीही निर्दोष नाही. थायलंडच्या समुद्रात नौकेवर राहणाऱ्या गायतोंडेची प्रकरणं लांबलेली आहेत, गुरुजींची प्रवचनं तर फारच.

पण चंद्रांनी थरारपटाचा मोह ओळखलेला होता, हे मालिकावाल्यांनी जरा जास्त मनावर घ्यायला हवं होतं. चंद्रा सिनेमावाल्या घरातले. आई कामना चंद्रा यांनी 'प्रेम रोग'ची कथा लिहिली; विक्रम चंद्रांनी स्वतः 'मिशन काश्मीर'च्या लेखनात हात दिला. कादंबरीत गायतोंडे स्वतःच एक सिनेमा काढतो. झोया मिर्झाला नायिका करायची, परदेशात चित्रीकरण करायचं, अतिरेकी, स्फोट, देश वाचवणारा नायक, सगळं काही. लेखकाला बसवून तो पटकथा लिहून घेतो, कुठे प्रेक्षक शिट्ट्या मारतील याचे हिशेब मांडतो. 'इंटरनॅशनल धमाका' त्याचं नाव. तो आपटतो. ज्या माणसाच्या हातून खरा अणुपदार्थ देशात आणवला गेला, तो माणूस त्याच काळात बॉम्बच्या सिनेमाचं गणित जुळवत बसला होता. शहर वाचवण्याच्या गोष्टीवर कादंबरीने केलेलं हे भाष्य इतकं उघड आहे की त्यानंतर त्याच कादंबरीवर पंचवीस दिवसांची मुदत चढवणं मला खटकतं.

फाळणीचंही असंच. सरताजची आई प्रभजोत कौर लहान असताना तिची बहीण नवनीत मागे राहून गेली. तीच पुढे पाकिस्तानी हेर शाहीद खानची आई. मालिकेने हा धागा उचलला आणि शेवटच्या भागाला 'रॅडक्लिफ' नाव देऊन तो बॉम्बच्या दृश्याला भिडवला. कादंबरीत हे नातं फक्त वाचकाला कळतं. सरताजला आपला मावसभाऊ कोण हे कधीच कळत नाही, प्रभजोतला बहिणीचं काय झालं हे कळत नाही. वाचकाच्या हातात ते सत्य येतं आणि त्याला ते कुणाला सांगता येत नाही. फाळणीने घरं कशी तोडली हे मला याहून नेमकं कुणी दाखवलेलं नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की पुस्तकाला वेळ असतो, पडद्याला नसतो. सिनेमाच्या बाबतीत मी ते मानेन. पण या मालिकेला सोळा भाग मिळाले, प्रत्येक पाऊण-एक तासाचा. एवढ्या वेळात एक बार, एक ब्लॅकमेल आणि एक कॉन्स्टेबलचं घर सहज मावलं असतं. बाल्टिमोरच्या पोलिसांवरची 'द वायर' २००२ ते २००८ अशी साठ भाग चालली. तिच्यात शहर उडवणारा बॉम्ब नव्हता. गोदी होती, शाळा होत्या, आकडेवारी सुधारून दाखवण्यासाठी चाललेली अधिकाऱ्यांची धडपड होती, आणि लोकांनी ती श्वास रोखून पाहिली. लांबलचक मालिका हा प्रकार पोलिसाचा रोजचा दिवस दाखवायला सिनेमापेक्षा कितीतरी सोयीचा आहे. नेटफ्लिक्सची ती भारतातली पहिलीच मूळ मालिका होती, सगळं पणाला लागलेलं होतं, म्हणून घड्याळाचा आधार घेतला गेला असेल. पण त्यानंतर आलेल्या किती गुन्हेमालिकांनी तोच आधार धरला ते बघा. मुंबईवर संकट, मोजके दिवस, एक एकाकी अधिकारी. वसुलीचा हिशेब लिहिणारा शिपाई त्यांच्यात शोधून सापडत नाही.

ज्यांनी फक्त मालिका पाहिली त्यांना माझा आग्रह आहे की थेट नऊशे पानांत उडी घेऊ नका. चंद्रांच्या १९९७च्या 'लव्ह अँड लाँगिंग इन बॉम्बे' या संग्रहात 'कामा' नावाची दीर्घकथा आहे, सरताज पहिल्यांदा तिथे भेटतो. घटस्फोटाचे कागद घरात येऊन पडलेत, काटेकर सोबत आहे, आणि तपास आहे एका चारचौघांसारख्या गृहस्थाच्या खुनाचा. ती वाचून मग कादंबरी हाती घ्या, आणि डिलाइट बारच्या प्रसंगी जरा रेंगाळा. पैसा कुणाकडून निघतो, कुणाच्या हातून जातो आणि शेवटी कुणापाशी थांबतो, एवढं बोट ठेवून वाचलंत तर पुढे परुळकर, मंत्री बिपिन भोसले आणि गुरुजीसुद्धा त्याच वाटेवर भेटत जातात.